जुन्या मिआटात नवा टेप

गाडीत बसवलेला स्टिरिओ नीट बसला आहे का, हे तपासायची माझी कसोटी एकच आहे. उद्या तो काढून मूळचा टेप परत लावायचा ठरला, तर गाडीची एक तरी वायर पुन्हा जोडावी लागेल का? लागणार नसेल, तर काम नीट झालं. समोरून दिसणारी फट, पट्टीचा रंग, बटणांचा उजेड या गोष्टी त्यानंतरच्या. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तर ही कसोटी फारच महत्त्वाची, कारण अशी गाडी चार-पाच मालकांच्या हाताखालून गेलेली असते आणि त्यांच्यापैकी कुणी ना कुणी डॅशबोर्डमागे कात्री चालवलेली असते.

उदाहरणाला माझ्दाची एमएक्स-५ घेऊ. दोन माणसांची, टप उघडणारी ही छोटी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्ये तयार झाली आणि दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक खपाचा विक्रमही तिच्याच नावावर आहे. आपल्याकडे माझ्दा म्हटलं की स्वराज माझ्दाची मिनीबस डोळ्यांसमोर येते. ही गाडी माझ्दाने भारतात विकायला आणलीच नाही. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडात स्थायिक झालेल्या आणि गाड्यांचा नाद असलेल्या मराठी माणसाला जुनी, पण खिशाला झेपणारी स्पोर्ट्स कार हवी असेल, तर त्याची नजर बहुधा हिच्यावरच पडते. त्यातही १९९७ पर्यंत बनलेल्या पहिल्या पिढीवर, जिचे पुढचे दिवे झाकणासारखे वर उघडतात.

या गाडीत मुळात कॅसेटचा जमाना आहे. फोन जोडायची सोय नाही, आणि जपानहून आलेल्या गाडीत तर रेडिओही धड लागत नाही. जपानमध्ये तेव्हा एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होता. ब्रिटनमधली केंद्रं ८७.५ ते १०८ च्या दरम्यान. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये वापरलेल्या युनोस रोडस्टर मोठ्या संख्येने उतरल्या, कारण दोन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे. त्यांच्या मालकांनी मग अँटेनाच्या तारेत एक छोटी डबी बसवली, जी तिथली केंद्रं खाली सरकवून जपानी रेडिओला ऐकवते. नवा स्टिरिओ बसवताना ही डबी आठवणीने काढायची. ती तशीच राहिली तर नव्या रेडिओवर केंद्रं भलत्याच आकड्यांवर लागतात आणि दोष बिचाऱ्या नव्या यंत्राला मिळतो.

आता माप. गाडीच्या स्टिरिओचा चेहरा १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतो, हे जर्मनीच्या डीआयएन ७५४९० या मानकाने ठरवलं. तेच पुढे आयएसओ ७७३६ झालं. डॅशबोर्डमधली खिडकी १८२ गुणिले ५३ ची. या मापाला दुकानात सिंगल डिन म्हणतात. जपानी कंपन्यांनी उंची दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर, केली तो डबल डिन. मिआटाच्या डॅशबोर्डमध्ये डबल डिनची जागा आहे. या मानकांमध्ये खोलीबाबत मात्र मोकळीक आहे, आणि डॅशबोर्डमागची गर्दी नेमकी तिथेच होते. सीडी घेणारा स्टिरिओ साधारण १६० मिलिमीटर खोल असतो. त्याच्यामागे अँटेनाची तार, कपलर आणि वायरींचा जुडगा मावायचा असतो. सीडी नसलेले, फक्त यूएसबी आणि ब्लूटूथचे नमुने १०० मिलिमीटरच्या आसपास संपतात. स्टिरिओ शेवटचा एक सेंटिमीटर आत जाईना म्हणून हाताने रेटणारी माणसं मी पाहिली आहेत. मागे एखादी वायर चेपली जाते ती अशाच वेळी.

डबल डिनची जागा आहे म्हणून सात इंचांचा पडदा घ्यावा का? माझं उत्तर ‘नको’ असं आहे. टप उघडा ठेवून दुपारी गाडी चालवली की ऊन थेट पडद्यावर येतं आणि त्यावर काहीही दिसत नाही. शिवाय गिअर टाकता टाकता आवाज कमी करायचा असेल तर गोल फिरणारी खुंटी लागते. गुळगुळीत काचेवर बोट शोधत बसणं धोक्याचं. पडदा हवाच असेल तर तो या वयाच्या डॅशबोर्डला शोभेल असा असावा. पोर्शने २०२० मध्ये जुन्या ९११ साठी स्वतःच असं यंत्र काढलं: सिंगल डिनच्या जागेत बसणारं, दोन्ही बाजूंना खुंट्या, मध्ये साडेतीन इंचांचा लहानसा पडदा आणि त्यात अ‍ॅपल कारप्ले. किंमत पोर्शचीच आहे, पण कल्पना उचलण्यासारखी. मिआटासाठी मी साधा सिंगल डिन घेईन, काळ्या चेहऱ्याचा, ज्याच्या दिव्यांचा रंग बदलता येतो असा, आणि खाली उरलेल्या ५० मिलिमीटरमध्ये एक खण बसवीन. चेहरा सुटा होणारा असेल तर आणखी उत्तम. कापडी टपाच्या गाडीत चोराला काच फोडावी लागत नाही. तो सरळ टप फाडतो, आणि नवा टप स्टिरिओच्या कितीतरी पट महाग.

सामान मागवताना स्टिरिओबरोबर गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा जोड-हार्नेस जरूर मागवा. त्याच्या एका टोकाला गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसणारा कपलर असतो, दुसऱ्या टोकाला मोकळ्या वायरी. त्या मोकळ्या वायरी स्टिरिओच्या वायरींना टेबलावर बसून जोडायच्या आणि तयार झालेला जुडगा गाडीत नुसता खटकन लावायचा. गाडीचा मूळ कपलर आधीच कुणी कापून टाकला असेल तर तोही वेगळा मिळतो. तो आधी जागेवर आणायचा आणि मगच पुढे जायचं.

खोलायचं काम थंडीत करू नये. तीस वर्षांचं प्लॅस्टिक थंडीत पापडासारखं तडकतं. उन्हात उभी केलेली गाडी किंवा केस वाळवायचा ड्रायर यांनी ते जरा नरम पडतं. सगळ्यात आधी बॅटरीची ऋण तार सोडवायची. बॉनेट उघडून बॅटरी शोधू नका, मिआटात ती मागे डिकीत आहे. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना सुरुवातीपासून स्टिअरिंगमध्ये एअरबॅग होती आणि १९९४ च्या मॉडेलपासून शेजारच्या बाजूलाही आली. तिच्या वायरी कुठून जातात हे मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावं आणि त्यांना मल्टीमीटरची सुईसुद्धा लावू नये.

पेचकसाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण निम्मी चिडचिड इथेच होते. जपानी गाड्यांचे फुली-खाचेचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाचे असतात. आपल्या हातात असतो तो फिलिप्सचा पेचकस. दोघं दिसायला सारखे, पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत पूर्ण बसत नाही. जोर लावला की निसटतं आणि खाच गोल करून टाकतं. जेआयएसचे पेचकस फार महाग नाहीत. जुन्या जपानी गाडीवर किंवा मोटरसायकलवर काम करणाऱ्याने एक जोडी घेऊनच ठेवावी.

मिआटाच्या डॅशबोर्डचा मधला उभा भाग ही एकच पट्टी आहे. वर दोन गोल हवेच्या जाळ्या, त्यांच्याजवळ चारही इंडिकेटरचं आणि दिवे वर उचलायचं बटण, मग हीटरची नियंत्रणं आणि तळाला स्टिरिओ. अमेरिकेतले मालक तिच्या आकारावरून तिला टूमस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड, म्हणतात. गोल जाळ्या कापड गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पातीने अलगद उचकटून बाहेर येतात आणि त्यांच्या पोकळीत स्क्रू सापडतात. खालचे स्क्रू मधल्या कन्सोलच्या आड असल्यामुळे गिअरची मूठ फिरवून काढायची, कन्सोलचे स्क्रू सोडवायचे आणि तो मागे सरकवायचा. मग पट्टी पुढे येते; पण ती ओढू नये, मागे बटणांचे कपलर जोडलेले असतात. ते सोडवण्याआधी फोनने फोटो काढून ठेवावा. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवून पुडीवर नाव लिहावं. लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असलेला स्क्रू भलत्या जागी गेला की प्लॅस्टिकला आतून भोक पाडतो.

पट्टी निघाली की टेप समोर दिसतो. युरोपी गाड्यांत स्टिरिओ पत्र्याच्या चौकटीत सरकवलेला असतो आणि बाजूच्या भोकांत वाकड्या सळ्या घालून तो ओढून काढतात. जपानी पद्धत वेगळी आहे. टेपच्या दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या स्क्रूने आवळलेल्या असतात आणि त्या पट्ट्या डॅशबोर्डच्या सांगाड्याला. नव्या स्टिरिओबरोबर खोक्यात युरोपी चौकट येते. पुष्कळजण तीच वापरतात, तिचे कान वाकवतात आणि मग खड्ड्यांवर स्टिरिओ खडखडतो. ती चौकट बाजूला ठेवा. जुन्या टेपच्या पट्ट्या काढून नव्याच्या कडांना लावा. बहुतेक चांगल्या स्टिरिओंना त्यासाठी कडेला आटे पाडलेली भोकं असतात आणि पट्टीतली भोकं लांबट असल्यामुळे स्टिरिओ थोडा पुढे-मागे करता येतो. स्क्रू आखूडच हवेत. लांब स्क्रू आत घुसून सर्किटला टेकतो.

आता वायरी. नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग कंपनी कुठलीही असली तरी बहुधा ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायमचा १२ व्होल्ट करंट, घड्याळ आणि जुळवलेली केंद्रं लक्षात ठेवण्यासाठी. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट. काळी अर्थिंगची. नारिंगी वायर गाडीचे दिवे लावले की स्टिरिओचा उजेड मंद करते. निळी अँटेना वर उचलणाऱ्या मोटरसाठी, आणि पांढरी रेघ असलेली निळी वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला जागं करण्यासाठी. या दोन निळ्यांची गल्लत नेहमीची आहे. अँटेनाची मोटर पांढऱ्या रेघेच्या वायरीला जोडली, तर फोनवरून गाणी ऐकतानाही अँटेना उभीच राहते. स्पीकरच्या चार जोड्या: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, प्रत्येक जोडीतली काळ्या रेघेची वायर ऋण.

गाडीच्या बाजूचे रंग मात्र या नियमाला बांधलेले नाहीत. तिथे मॅन्युअल आणि मल्टीमीटर. चावी बंद असताना ज्या वायरीवर १२ व्होल्ट दिसतात ती पिवळीसाठी, चावी फिरवल्यावरच ज्या वायरीवर दिसतात ती लालसाठी. या दोघींची अदलाबदल झाली की चावी काढताच स्टिरिओ सगळं विसरतो. लाल वायरही कायमच्या करंटला जोडली तर त्याहून वाईट: चावी काढली तरी स्टिरिओ जागाच राहतो आणि बॅटरी रिकामी होते. जुन्या जपानी गाड्यांत आणखी एक खुबी असते: डॅशबोर्डचे दिवे मंद करणारं चाक अनेकदा दिव्यांच्या ऋण बाजूला जोडलेलं असतं. अर्थिंगची वायर समजून स्टिरिओची काळी त्या वायरीला जोडली, तर चाक फिरवलं की स्टिरिओ वेडंवाकडं वागतो. अर्थिंग सांगाड्याच्या कोऱ्या धातूला, रंग खरवडून, थिंबल लावून स्क्रूने आवळलेलं असावं.

इंग्लंडातल्या वाचकासाठी एक आडवळण. गॅरेजात मिआटाऐवजी १९६७ च्या आधीची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार असेल तर थांबा. त्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे. आजच्या स्टिरिओचा पत्रा ऋण बाजूचा असतो. तो त्या डॅशबोर्डला टेकताच शॉर्ट होईल. आधी गाडीची उलटी अर्थिंग बदलून घ्यावी लागते.

जोड कसे द्यायचे यावर कारागिरांत कायम वाद असतो. माझं मत क्रिम्पिंगच्या, म्हणजे जोड पक्कडीने दाबून घट्ट करण्याच्या, बाजूने आहे. योग्य मापाची नळी, दाते असलेली चांगली पक्कड आणि वर श्रिंक स्लीव्ह. सोल्डर वाईट नाही, पण वितळलेलं शिसं तारेच्या पेडांत वर चढतं, तो भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी तार नेमकी तिथेच तुटते. वायरी नुसत्या पिळून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळणं तर करूच नये. दोन उन्हाळ्यांत डिंक पाघळतो, पट्टी सुटते आणि उघडी तार जिथे टेकेल तिथे टेकते. जुडग्याला कापडी पट्टी गुंडाळली की प्लॅस्टिकवर घासून खडखडाटही होत नाही. दाबून वायरीत टोचून बसवायचे निळे-लाल चापही टाळा. जुन्या गाडीत ते कालांतराने ढिले होतात.

जुडगा लावल्यावर पट्टी बसवायची घाई करू नका. बॅटरी जोडा आणि स्टिरिओ तसाच बाहेर लटकवून सगळं तपासा: चारही स्पीकर, आवाजाची डावी-उजवी बाजू, दिवे लावल्यावर मंद होणारा उजेड, अँटेना, ब्लूटूथ. इंजिन सुरू करून गती कमी-जास्त करा. गतीबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली तर तो अल्टरनेटरचा आवाज आहे; बहुतेक वेळा अर्थिंग एकाहून अधिक ठिकाणी दिल्यामुळे किंवा कच्चं दिल्यामुळे येतो. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा असेल तर गाण्याची तार आणि करंटची जाड तार गाडीच्या दोन वेगवेगळ्या कडांनी न्याव्यात.

स्पीकरबद्दल एक सावधगिरी. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरनेच चालवलेल्या असतात. ऋण तार म्हणजे अर्थिंग नव्हे. कुणीतरी आधी स्पीकरची एक बाजू बॉडीला जोडून ठेवली असेल तर नवा स्टिरिओ पहिल्याच मिनिटाला बंद पडेल किंवा जळेल. आणि खोक्यावर लिहिलेल्या ‘५० वॉट गुणिले ४’ वर विश्वास ठेवू नका. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. त्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला निखळ आवाजात गणिताने जास्तीत जास्त २६ वॉट देता येतात, आणि सर्किटमधली गळती धरली तर २० च्या आसपास. स्टिरिओच्या पाठीचा फ्यूज पाहा, १० किंवा १५ अँपिअरचा असतो. खरोखर २०० वॉट सतत बाहेर पडू लागले तर तो टिकणारच नाही.

मिआटाच्या बऱ्याच गाड्यांत सीटच्या डोकं टेकायच्या भागात छोटे स्पीकर आहेत. टप उघडल्यावर दारातल्या स्पीकरचा आवाज वारा उडवून नेतो, पण कानामागचा आवाज पोचतो. त्यांना मागच्या चॅनलवर घ्यावं आणि स्टिरिओच्या सेटिंगमध्ये त्यांचा खालचा, धडधडणारा आवाज गाळून टाकावा. एवढ्याशा स्पीकरना बास दिला तर कागद फाटतो. जोडण्याआधी त्यांचा ओहम मल्टीमीटरवर पाहून घ्या. फोनचा माइक स्टिअरिंगच्या खांबाच्या झाकणावर लावावा. वाऱ्याच्या झोतात, काचेच्या वरच्या चौकटीवर लावला तर पलीकडच्याला नुसती घोंघों ऐकू येते.

समोरून दिसणारा देखणेपणा आता येतो. पट्टीतल्या खिडकीचे कोपरे गोलसर आहेत आणि नव्या स्टिरिओचे काटकोनी. बसत नसेल तर पट्टी बाहेर काढून बारीक कानशीने थोडं थोडं घासा आणि दर खेपेला लावून पाहा. सिंगल डिनसाठी खिडकी मुळीच मोठी करू नका, कडेला किंचित फट दिसली तर स्टिरिओबरोबर आलेली काळी कड ती झाकते. पट्टी तात्पुरती धरून स्टिरिओचा चेहरा तिच्या पातळीत येईपर्यंत लांबट भोकांमध्ये सरकवा, मग बाजूचे स्क्रू आवळा. मागच्या टोकाला आधार नसेल तर खाली रबराचा तुकडा द्या, म्हणजे बटण दाबल्यावर स्टिरिओ मागे झुकत नाही. वायरींचा जुडगा स्टिरिओच्या मागे न कोंबता बाजूच्या पोकळीत वळवा, आणि हीटरच्या सरकत्या केबलला तो अडत नाही ना, हे हीटर पूर्ण गरम-थंड करून पाहा.

शेवटचं मोजमाप बॅटरीचं. चावी काढून, दारं आणि डिकीचा दिवा बंद करून बॅटरीच्या ऋण तारेत मल्टीमीटर मालिकेत लावा. ५० मिलिअँपिअरच्या खाली आकडा हवा. शनिवार-रविवारीच निघणाऱ्या गाडीला तोही जास्तच: ३० मिलिअँपिअर सतत गेले तर महिन्याला २१ अँपिअर-तासांहून अधिक जातात, आणि मिआटाची बॅटरी मुळात लहान. हिवाळाभर उभी राहणार असेल तर चार्जर लावून ठेवा किंवा तार सोडवा.

काढलेला टेप, त्याचे उरलेले स्क्रू, नव्याबरोबर आलेली न वापरलेली चौकट आणि जपानी गाडी असेल तर अँटेनाची ती डबी, सगळं एका खोक्यात घालून वर तारीख टाका. माझ्दाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरला मूळ रूपात आणून द्यायची सेवा जाहीर केली आणि त्यासाठी काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले; मूळ अवस्थेतल्या गाडीला मागणी आहे हे त्यावरून कळतं. गाडी विकायला काढाल तेव्हा हे खोकं गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि डॅशबोर्डमागे एकही वायर कापलेली नाही हे त्याला सांगा. जाणतं गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं.